नगरशी नातं सांगणारं नाव, तंजावरचा राजा आणि २०० वर्षांपूर्वीचे डोळ्यांचे केस पेपर

मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, पट्टी निघाली, तरी आजीला समोरच्याचा चेहरा धूसरच दिसतो. मग घरात कुजबुज सुरू होते, ऑपरेशन चुकलं का? या प्रश्नाचं निम्मं उत्तर तंजावरच्या एका मराठी राजाच्या काळात सापडतं. त्या राजाच्या नावाचं मूळ आपल्या अहिल्यानगरात आहे.

नगरचं नाव तंजावरला कसं पोहोचलं?

मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार. नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस बोलल्यावर झालेल्या दोन मुलांची नावं त्यांनी शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शरीफजी १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत पडले. पुढे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य उभारलं. त्या घराण्यात शरीफजींचं नाव ‘सरफोजी’ होऊन टिकलं.

सरफोजी दुसरे कोण होते?

जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलं, पण त्यांच्या निधनानंतर गादी गेली अमरसिंहांकडे. पोरक्या मुलाला श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने सांभाळलं, शिकवलं. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. बावीस वर्षांच्या राजाकडे उरला किल्ला आणि तनखा.

मग त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना काढला आणि औषधांच्या अभ्यासासाठी धन्वंतरी महाल उभारला. डोळ्यांच्या उपचारांत तर ते स्वतः लक्ष घालत. त्या काळचे नेत्ररुग्णांचे केस पेपर आजही सरस्वती महालात आहेत. त्यांत रुग्णाची माहिती, आजाराचं वर्णन, उपचार आणि हाताने काढलेली डोळ्यांची चित्रंही आहेत. इंजिनीअरिंगला आम्ही लॉगबुक भरायला कंटाळायचो; इथे एक राजा ते करून घेत होता.

तेव्हा मोतीबिंदू कसा काढत?

जुनी पद्धत सुश्रुतापासूनची. गढूळ झालेलं भिंग सुईने ढकलून डोळ्यात मागे सारायचं. भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या दाविएल यांनी १७४७ मध्ये केली. दोन्हींत भिंगाची जागा रिकामीच राहायची, म्हणून नंतर जाड चष्मा लागे. कृत्रिम भिंग बसवलं गेलं थेट १९४९ मध्ये, लंडनला.

पण मोठी अडचण वेगळीच होती. भिंगामागचा पडदा जिवंत माणसाच्या डोळ्यात पाहायचं साधनच नव्हतं. हेल्महोल्ट्झ यांनी ते १८५१ मध्ये शोधलं. सरफोजी १८३२ मध्येच गेले होते. म्हणजे भिंग दूर करूनही एखाद्याला का दिसत नाही, हे पडद्यात डोकावून सांगणं त्या काळी कुणालाच शक्य नव्हतं.

आज काय बदललंय?

आज डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि पडदा तपासतात. वयामुळे पडद्याचा मधला भाग झिजला असेल, तर मोतीबिंदू काढूनही सरळ रेषा वाकड्या दिसतात, चेहरे पुसट होतात. कडेचं मात्र दिसत राहतं. काही प्रकारांत डोळ्यातल्या इंजेक्शनने पुढची हानी थोपवता येते. गेलेली नजर बहुधा पूर्ण परत येत नाही. म्हणून ऑपरेशनआधीच पडद्याबद्दल विचारून घ्या. मोतीबिंदू फार पिकला असेल, तर पडदा नीट दिसत नाही. मग सोनोग्राफी करतात.

माझ्या आजीला हे सगळं ऑपरेशननंतर कळलं. दोन महिने ती कुणाशी धड बोलली नाही. आता मोबाइलवर अक्षरं मोठी करून मथळे ती वाचते, खालची बातमी मी वाचून दाखवतो.