ॲलन ट्युरिंग आणि लांबलचक टेस्टचा प्रश्न

ॲलन ट्युरिंग हे नाव तुम्ही एआयच्या बातम्यांत किंवा एनिग्मावरच्या सिनेमात ऐकलं असेल. मला मात्र ते आठवतात ऑफिसमध्ये दोनशे ओळींची टेस्ट मेथड समोर आली की. कारण मोठी तपासणी तुकड्यांत करावी, हे त्यांनी १९४९ मध्येच सांगून ठेवलंय.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते, तर आईचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य इंजिनिअर. आईवडील भारतात असायचे, त्यामुळे ॲलन आणि त्यांचा भाऊ बराच काळ इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी वाढले. १९३६ मध्ये, केंब्रिजला असताना, सूचनांच्या यादीवर चालणाऱ्या एका काल्पनिक यंत्राचा शोधनिबंध त्यांनी लिहिला. आजच्या संगणकाचा पाया तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन नौदलाचे एनिग्मा संदेश उलगडण्याचं काम त्यांनी केलं.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये ते ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत आले आणि एसीई नावाच्या संगणकाचा आराखडा त्यांनी तयार केला. मोठं काम छोट्या रूटीनमध्ये वाटायचं, हा विचार त्यात होता. छोट्या रूटीनमध्ये जाताना परत कुठे यायचं तो पत्ता जणू पुरून ठेवायचा आणि काम झालं की उकरून काढायचा. आज फंक्शन कॉल करताना आपला स्टॅक हेच करतो.

१९४८ मध्ये ते मँचेस्टरला गेले. पुढच्या वर्षी २४ जूनला केंब्रिजच्या परिषदेत त्यांनी छोटं भाषण दिलं. विषय होता, मोठं रूटीन बरोबर आहे हे तपासायचं कसं? उदाहरण घेतलं साध्या बेरजेचं: १३७४, ५९०६, ६७१९, ४३३७ आणि ७७६८. उत्तर २६१०४.

नुसतं उत्तर दिलं, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज एका दमात पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक रकान्याची बेरीज वेगळी लिहिली तर? एकक ३४, दशक १७, शतक २९, हजार २३. म्हणजे एककाला ४ आणि हातचे ३, दशकाला ७ आणि हातचा १, असं. आता प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तपासता येतो. चूक असेल तर कोणत्या रकान्यात, तेही कळतं. शाळेत बाई हातचे लिहायला लावायच्या, त्यामागे हेच कारण!

प्रोग्राममध्येही तसंच करा, असं ट्युरिंग यांचं म्हणणं. ठरावीक जागी कोणती गोष्ट खरी असायला हवी ते प्रोग्रामरने लिहून ठेवावं, म्हणजे तपासणाऱ्याला ते एकेक करून पाहता येईल. फॅक्टोरियल काढणाऱ्या रूटीनवर त्यांनी हे करून दाखवलं. ही तपासणी कागदावरची होती, आजच्यासारखी आपोआप चालणारी टेस्ट नव्हती. गंमत म्हणजे तपासणीवरचा हा लेखच छापताना चुकांनी भरला. १९८४ मध्ये दोन संशोधकांनी तो दुरुस्त करून पुन्हा छापला. तोवर फ्लॉइड आणि होअर यांनी हाच विचार नव्याने मांडून झाला होता.

पुढचं पाहायला ट्युरिंग नव्हते. समलैंगिक संबंध तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा होता. १९५२ मध्ये त्यांना त्यासाठी दोषी ठरवलं आणि तुरुंगाऐवजी हार्मोनची इंजेक्शनं दिली गेली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. वय फक्त ४१. सरकारने माफी मागितली ती २००९ मध्ये.

आता आपल्या कोडकडे येऊ. समजा एकाच टेस्टमध्ये खातं उघडलं, पैसे भरले, काढले, व्याज मोजलं आणि शेवटी वीस असर्ट लिहिले. जेयुनिट किंवा पायटेस्टमध्ये साधारणपणे पहिला असर्ट पडला की त्या टेस्टमधलं पुढचं काही चालतच नाही. व्याज बरोबर आहे की नाही, कळणार कसं? फक्त उत्तर लिहिलेली बेरीज ती हीच.

म्हणून आधी सगळीकडे लागणारी तयारी, म्हणजे खातं उघडणं वगैरे, वेगळ्या हेल्पर मेथडमध्ये काढा. मग एका टेस्टमध्ये एकच वागणूक तपासा आणि नाव असं द्या की लाल झाली की नावावरूनच बिघाड कळेल. हे करताना मूळ कोडला हात लावू नका, नाहीतर नेमकं काय बदललं ते समजणार नाही. झालं की व्याजाचं सूत्र मुद्दाम बिघडवून बघा. फक्त व्याजाची टेस्ट लाल झाली, तर तुमचे हातचे नीट लिहिलेत. सूत्र मात्र आठवणीने परत जागेवर ठेवा.