इतिहासाचार्य राजवाडे आणि सकळ लिपीची उकल

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनकाळी कल्याण बंदरात उतरलेला माल याच घाटाने जुन्नरास व तेथून पैठणास जात असे. घाटमाथ्यावरील लेण्याच्या भिंतींवर राणी नागनिकेच्या काळातील यज्ञांची व दानांची नोंद कोरलेली आहे. वाटसरूंना ती अक्षरे शतकानुशतके दिसत होती. परंतु त्यांचा अर्थ सांगणारा कोणी उरला नव्हता. इ. स. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीची उकल केली आणि जुन्नर परिसरातील लेणी बोलू लागली. अक्षर विद्यमान असूनही वाचक नसेल, तर लेख असून नसल्यासारखाच होतो.

महानुभाव पंथाच्या पोथ्यांची पंथाबाहेरील विद्वज्जगात हीच अवस्था होती. ब्राह्मी लिपी काळाच्या ओघात विस्मृत झाली होती; सकळ लिपी मात्र हेतुपूर्वक गुप्त राखलेली होती. रवळोबास यांनी ती सिद्ध केली असे परंपरा मानते. तिच्यात नागरी अक्षरांची अदलाबदल केलेली असते. पुढे सुंदरी, अंक, शून्य इत्यादी लिप्याही प्रचारात आल्या. या लिप्यांमुळे ब्रह्मविद्येचे ग्रंथ अनधिकारी हातांपासून व पाठांतील भेसळीपासून सुरक्षित राहिले. परंतु याच कारणाने पंथाविषयी बाहेर नाना प्रवाद माजले आणि त्यांचे निरसन करणारे ग्रंथ मात्र बासनात बांधलेले राहिले. ही कोंडी फुटण्यास ज्यांचे परिश्रम प्रथम कारणीभूत झाले, ते विश्वनाथ काशीनाथ राजवाडे होत.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील वरसई येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्याने त्यांचे संगोपन पुण्याजवळील वडगाव येथे आप्तांकडे झाले. डेक्कन कॉलेजात असता त्यांचे मन व्याख्यानांपेक्षा तेथील ग्रंथालयात अधिक रमले. मुंबई सरकारने १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर प्रभृती पंडितांकरवी हस्तलिखितांचा शोध चालविला होता व तो संग्रह १८७८ पासून याच कॉलेजात ठेवलेला होता. पुढे १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर तो तेथे गेला. तथापि तो मुख्यत्वे संस्कृत-प्राकृत ग्रंथांचा होता. मराठीची जुनी पोथी कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या मठात वा कोणाच्या देवघरात पडून होती. ती शोधण्यासाठी ग्रंथालयाबाहेर पडणे प्राप्त होते.

राजवाडे बाहेर पडले. अल्प वयात पत्नी निवर्तल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. स्वतः स्वयंपाक करावा, मिळेल तेथे उतरावे, दप्तरे उलगडावी, नकला कराव्या, असा त्यांचा क्रम झाला. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला व तिचे एकंदर २२ खंड झाले. बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या प्रतीवरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली व तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. राधामाधवविलासचंपू व महिकावतीची बखर हे दुर्मिळ ग्रंथही त्यांनीच प्रकाशात आणले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

त्याच सुमारास त्यांनी सकळ लिपीची उकल केली. अशा लिपीत अक्षराचे रूप बदलते, पण भाषेचा स्वभाव बदलत नाही. कोणते अक्षर वारंवार येते, ओवीच्या यमकस्थानी कोणते जुळते, ठराविक नावे कोठे पुन्हापुन्हा येतात, हे पाहता पाहता किल्ली हाती लागते. यासाठी जुन्या मराठीचा दृढ व्यासंग हवा आणि तो राजवाडे यांच्यापाशी होता.

राजवाडे पंथाचे अनुयायी नव्हते. वारकरी संतांविषयीचीही त्यांची मते कठोर होती आणि त्यांचे काही निष्कर्ष पुढील अभ्यासकांनी स्वीकारले नाहीत. परंतु ग्रंथासमोर ते जिज्ञासू म्हणून बसले, हे त्यांचे मोठेपण होय. त्यांनी दाखविलेल्या वाटेने पुढे अनेक जण आले. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे संस्थापक वि. ल. भावे यांनी १९१९ च्या महाराष्ट्र सारस्वतात महानुभाव वाङ्मयास स्थान दिले, यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ साली निघाला, आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात मराठी गद्याचा आरंभ आज म्हाइंभटांपासून शिकविला जातो.

ग्रंथ बाहेरच्यांच्या हाती जावे की न जावे, हा प्रश्न पूर्वसूरींनाही पडला असेल व त्यांची चिंता अनाठायी नव्हती. लिपी उलगडली म्हणून शास्त्र उलगडत नाही. त्यासाठी गुरुमुखाने निरूपणच हवे. परंतु अक्षरच कसरीच्या तोंडी गेले, तर निरूपण कशाचे करावयाचे? लिपीची उकल बाहेरच्या अभ्यासकाने केली. पोथी जपण्याचे व पाठ शुद्ध राखण्याचे दायित्व मात्र आश्रमांचेच आहे.

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले. त्यांच्यामागे ना घर राहिले, ना संपत्ती. राहिली ती कागदपत्रांची दप्तरे व टिपणे. ती जतन करण्यासाठी पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. आयुष्यभर इतरांच्या पोथ्या जपणाऱ्याचे कागद लोकांनी जपले. ज्या आश्रमांत व उपदेशी कुटुंबांत आजही जुनी बासने आहेत, त्यांनी ती वर्षातून एकदा तरी सोडून, झटकून, सूची करून ठेवावी, हा बोध त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखा आहे.