नगरपालिकेतील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांस अपरिचित नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव सर्वांस ठाऊक आहेत. परंतु १८७६ ते १८८२ अशी सहा वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, या कार्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशवाईत फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून ‘फुले’ हे नाव रूढ झाले. जोतीरावांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली होती. त्यामुळे इमारतीस पैसा किती लागतो आणि तो कोणाच्या घामातून येतो, हे दोन्ही त्यांस नीट माहीत होते. नगरपालिकेवर त्यांची नेमणूक सरकारने केली होती. सरकारनियुक्त सभासदाने सरकारच्या कलाने चालावे अशी त्या काळची अपेक्षा; पण जोतीरावांनी आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. ठराव मंजूर झाला. विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे अनाथ मुलांच्या अन्नाची सोय करण्यात पुढाकार घेणाऱ्या या पुरुषास कमानी व पताकांचा थाट मानवणे शक्यच नव्हते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हाही नागरिकांचे आरोग्य व संसार यांची काळजी वाहणाऱ्या संस्थेने स्वस्थ बसू नये, म्हणून त्यांनी लेखी तक्रार केली.

पुढे भाजीबाजारासाठी लाखो रुपयांची भव्य इमारत बांधण्याचा प्रश्न निघाला. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचे पोट भाजीपाल्यावर चालत असे. तरीही जोतीरावांनी इमारतीस विरोध केला, आणि तो पैसा शिक्षणावर खर्चावा असा आग्रह धरला. आपल्या माणसांचा धंदा आणि सर्व गरिबांच्या मुलांची शाळा यांत त्यांनी शाळा निवडली. येथेही त्यांचे चालले नाही. १८८६ साली रे मार्केट उभे राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले.

दैवगती अशी की, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, १९३८ च्या सुमारास, त्याच इमारतीस महात्मा फुले मंडई हे नाव देण्यात आले. हा गौरव उचितच होय. परंतु ज्या महात्म्याने जातिभेदाविरुद्ध जन्मभर झुंज दिली, त्याचे नाव केवळ ज्ञातीचे भूषण म्हणून मिरविणे आपणांस शोभणार नाही. आपल्यापैकी जे बंधुभगिनी नगरसभांत निवडून जातात, त्यांनी प्रत्येक खर्चास हात वर करण्यापूर्वी एवढेच मनाशी विचारावे, की यातील किती पैसा गरिबाच्या मुलापर्यंत पोचणार आहे? उत्तर समाधानकारक नसेल, तर एकटे पडण्याचे भय बाळगू नये. जोतीरावांचे खरे स्मारक तेच होईल.