कावसजीचे नाक

पेशवाईतील पुण्याच्या इतिहासात ज्यांची चरित्रे लिहिली गेली ते बहुतेक मुत्सद्दी, सरदार अथवा शास्त्री-पंडित. कावसजी यांपैकी कोणीच नव्हता. इंग्रजी फौजेच्या रसदीचे बैल हाकणारा तो एक गाडीवान. नाव पारशी वाटते; पण समकालीन वृत्तांत त्याला शेतकरी मराठा म्हणतो. कदाचित साहेबाच्या कानाने मूळ नाव बिघडविले असावे. ते काहीही असो, प्लास्टिक सर्जरीचा इतिहास या माणसावाचून सांगता येत नाही.

१७९२ च्या म्हैसूर युद्धात कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. हाताची उणीव दिसते, तिची कीवही येते. नाक कापलेल्या माणसाकडे मात्र लोक निराळ्या नजरेने पाहतात. आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रूच. श्रीरंगपट्टणजवळ तो मुंबईच्या फौजेत परतला, कंपनी सरकारने त्याला निवृत्तिवेतन लावले. परंतु वर्षाहून अधिक काळ तो त्याच चेहऱ्याने वावरला.

१७९३ मध्ये पुण्यानजीक विटा भाजणाऱ्या कुंभार जातीच्या एका शस्त्रवैद्याने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले हे दोघे इंग्रज डॉक्टर ही शस्त्रक्रिया पाहत होते. वैद्याने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बेतला, तो कपाळावर सपाट ठेवून त्याच्या कडेने रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडविली. दोन डोळ्यांमधला कातडीचा देठ मात्र त्याने तोडला नाही. त्यातूनच रक्त वाहत राहणार होते. कातडी खाली वळवून खुंटाच्या ताज्या जखमेत बसविली. वर पाण्यात मऊ केलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनंतर तुपात भिजविलेले कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ बोळे. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला आणि आकार नीट यावा म्हणून पुन्हा थोडी काटछाट केली. एकाच बैठकीत काम पुरे होत नाही, दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया हा उपचाराचाच भाग असतो, हे त्या वैद्याने गृहीत धरलेले होते.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे काढीत होता. जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, त्याने कावसजीलाही समोर बसविले. त्या चित्रावरून केलेल्या छापासह सारा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने मृतदेहांवर वर्षानुवर्षे सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच पद्धत वापरली. त्याचा ग्रंथ १८१६ मध्ये निघाला आणि 'भारतीय पद्धत' हे नाव युरोपभर रूढ झाले.

आज कर्करोगामुळे स्तन काढलेल्या स्त्रीच्या पाठीवरील त्वचा व स्नायू असेच देठासह पुढे वळवून नवा स्तन घडवितात. दुसरा मार्ग १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनला प्रथम बसविलेल्या सिलिकॉनच्या पिशवीचा. तो सुटसुटीत खरा. पण पिशवी फुटते, तिच्याभोवती घट्ट कवच धरते, ती बदलावी लागते. खरबरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्यांचा एका दुर्मिळ लिम्फोमाशी संबंध आढळल्याने २०१९ मध्ये त्या जगभरातून परत मागविण्यात आल्या. स्वतःच्या कातडीचे नाक मात्र घट्ट बसते आणि बरेचसे मूळच्यासारखे दिसते, अशी ग्वाही १७९४ च्या वृत्तांताने दिली होती.

बदलीच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना आणि तिच्या गुंतागुंतींवरील उपचार, स्तनशस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या विमा योजनांवर बंधनकारक केले. भारतीय आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे वा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून सुटते. कावसजीला कंपनीचे वेतन मिळत होते, ते तिच्या चाकरीत अवयव गमावले म्हणून.

वेल्स १७९५ मध्ये वारला. लंडनच्या त्या लेखात साक्षीदार डॉक्टरांची नावे आहेत, गाडीवानाचे आहे. ज्याने नाक बसविले त्या कुंभाराचे नाव नाही.