धर्मग्रंथाचा अर्थ कुणी लावायचा? पंडिता रमाबाईंनी चर्चलाही हाच प्रश्न विचारला होता

बाईने वेद वाचणं पाप मानलं जायचं, त्या काळात अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं आणि पंडितांचा रोष ओढवून घेतला. २३ एप्रिल १८५८ ला त्यांच्या घरी रमाचा जन्म झाला. आईनेच तिला पुराणं शिकवली.

पुढे दुष्काळात आई-वडील गेले. भावासोबत पायी देश फिरत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. धर्मशास्त्रं वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की हे ग्रंथ इतर बाबतीत एकमेकांशी भांडतात, पण बायका आणि शूद्रांना खाली ठेवण्यावर मात्र त्यांचं एकमत आहे.

१८८० मध्ये लग्न झालं, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे लेकीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली.

पण खरी गंमत पुढेच आहे. ज्या बाईने शास्त्री-पंडितांचं मुकाट्याने ऐकलं नाही, ती बिशपचं कसं ऐकेल? ख्रिस्त देव कसा, त्रैक्य म्हणजे काय, असे प्रश्न त्यांनी वाँटेजच्या सिस्टर्सना विचारले. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांना पटेना. बायबल वाचून आपल्या बुद्धीला आणि मनाला पटेल तेच मानणार, यावर त्या ठाम राहिल्या. सिस्टर्सना हा अहंकार वाटला.

भारतात परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना तिथे आसरा मिळाला. पण बायबलच्या मराठी भाषांतरातले जड संस्कृत शब्द त्यांना कळेनात. मग रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत अख्खं बायबल स्वतः भाषांतरित केलं. आयुष्याची शेवटची वर्षं या कामात गेली. छपाई मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून झाली.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून आलं.

चर्चमध्ये ते भाषांतर फारसं रुळलं नाही. पण ते चर्चसाठी नव्हतंच. नुकतीच अक्षरं गिरवायला शिकलेल्या बाईला कुणालाही न विचारता वाचता यावं, म्हणून ते केलं होतं.