सर्पगंधेला मोजमापाची शिस्त लावणारे डॉ. रुस्तम वकील

सकाळच्या चहाबरोबर रक्तदाबाची गोळी घेणारी माणसे आज शहरातील बहुतेक घरांत सापडतात. १९४० च्या दशकात ही सोय कोणालाच उपलब्ध नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका चढला होता. आणि तो भरवशाने खाली आणील असे एकही औषध त्यांच्या डॉक्टरांपाशी नव्हते. मीठ तोडणे, विश्रांती घेणे, केवळ भात-फळांवर राहणे, आणि त्यानेही भागले नाही तर शस्त्रक्रिया करून पाठीच्या कण्यालगतच्या अनुकंपी नसाच कापून टाकणे, एवढेच उपाय हाती होते. या निरुपायाच्या काळात मुंबईतील एक तरुण डॉक्टर आपल्या रुग्णांना एका रानटी झुडपाची मुळी देऊन त्यांचा रक्तदाब चिकाटीने टिपून ठेवीत होता. आडनाव वकील, पेशा मात्र वैद्यकीचा!

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते मायदेशी परतले. परळचे के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे होते. तेथे भारतीय डॉक्टरच नेमले जावेत, या आग्रहातून ती संस्था उभी राहिली होती. हृदयविकार हा वकील यांचा विषय. विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टराने देशी मुळीकडे पाहून नाक मुरडण्याचा तो काळ. वकील यांनी तसे केले नाही, आणि आंधळी भक्तीही केली नाही.

सर्पगंधा काही त्यांनी शोधलेली नव्हती. आयुर्वेदाला ती ठाऊक होती. बिहारकडे वेडावरचा उपाय म्हणून तिची मुळी विकली जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण येत असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास सलीमुज्जमा सिद्दिकी यांनी मुळीतील अल्कलॉइडे वेगळी केली, तर कर्नल रामनाथ चोप्रा यांनी तिच्या औषधी गुणांचा अभ्यास केला. या सर्वांचे श्रेय वकील यांच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. पण भारतीय नियतकालिकांतले ते लेखन पश्चिमेकडे फारसे कोणी वाचले नाही, आणि रक्तदाबाचे रुग्ण घेऊन औषधापूर्वीचे व नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडण्याचे काम बाकीच राहिले होते.

ते वकील यांनी केले. दशकभराच्या अनुभवानंतर त्यांनी ५० रुग्णांवरील पद्धतशीर चाचणी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. आधी काही काळ औषधाविना निरीक्षण, मग मुळीच्या गोळ्या, मग औषध थांबवून पुन्हा निरीक्षण, अशी तिची रचना होती. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरला होता. आजच्या कसोट्या लावल्या तर या चाचणीत उणिवा काढता येतील, कारण चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडण्याची पद्धत तेव्हा नुकतीच रुजू लागली होती. तरीही लंडनच्या नियतकालिकातील या निबंधाने जे साधले, ते आधीच्या दोन दशकांतील लेखनाला साधले नव्हते. बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधेच्या चाचण्या सुरू केल्या आणि १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतील म्युलर, श्लिट्लर व बाइन यांनी मुळीतून तिचे मुख्य सत्त्व, रेसर्पिन, वेगळे केले.

ही मुळी शरीरात नेमके काय करते, हे मात्र वकील यांनाही १९४९ मध्ये ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्या इच्छेविना चालणाऱ्या हृदय, रक्तवाहिन्या, आतडी यांचा कारभार स्वायत्त मज्जासंस्था पाहते. तिच्या दोन शाखा. अनुकंपी शाखा हृदय धावते करते, रक्तवाहिन्या आवळते. परानुकंपी शाखा हृदय सावकाश चालवते, पचन वाढवते. नसेच्या टोकाकडून अवयवाकडे निरोप जातो तो रसायनाच्या रूपाने. अनुकंपी नसांचा निरोप्या नॉरॲड्रिनलिन आहे, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवले. तो निरोप स्वीकारणारी ग्राहके अल्फा आणि बीटा अशी दोन जातींची असतात, ही मांडणी अमेरिकेच्या रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये केली. पुढच्याच वर्षी वकील यांचा निबंध आला. तीन धागे तीन खंडांत कातले जात होते आणि त्यांची गाठ अद्याप पडायची होती.

ती पडली १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. नसांच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत नॉरॲड्रिनलिनचा साठा असतो. रेसर्पिन या पिशव्या भरण्याचा मार्गच अडवते, बाहेर राहिलेले रसायन मोडून जाते आणि कोठार रिकामे पडते. ग्राहके जागीच असतात, पण निरोप येत नाही. शल्यविशारद जे काम सुरीने करीत, ते या मुळीने रसायनाच्या पातळीवर केले होते. गुण यायला दिवस का लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो का रेंगाळतो, याचा उलगडा येथे होतो: कोठार रिकामे व्हायलाही वेळ लागतो आणि पुन्हा भरायलाही. नाक चोंदणे, नाडी मंदावणे, जुलाब होणे हे तिचे उपद्रवही त्यातूनच समजतात. एक शाखा गप्प झाली की दुसरीचा ॲसिटिलकोलिन हा निरोप्या बिनविरोध राज्य करतो.

याच्या नेमकी उलट अवस्था कोकणापासून मराठवाड्यातील बीडपर्यंतच्या शेतकऱ्यांना परिचयाची आहे. लाल विंचवाच्या विषाने स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते, रक्तात ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिनचा पूर येतो, अंगाला घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदयाची धाव वाढते. तेथे कोठार रिकामे करत बसायला सवड नसते. म्हणून महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अल्फा ग्राहकांचे दारच बंद करणारे प्राझोसिन वापरले आणि असंख्य प्राण वाचवले. निरोप्या रोखणे आणि दार लावणे, असे हे दोन मार्ग आहेत.

वकील यांच्या वाट्याला मानसन्मान भरपूर आले. १९५७ मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक, १९५८ मध्ये पद्मभूषण, पुढे भटनागर पुरस्कार. लास्कर पारितोषिकाच्या त्या वर्षीच्या मानकऱ्यांत मनोविकारांवरील नव्या औषधांचे प्रणेते होते. त्यांतील नेथन क्लाइन यांनी रेसर्पिनच मनोरुग्णांना दिले होते. याच रेसर्पिनने निश्चल झालेले ससे एल-डोपाने पुन्हा हालते करून अर्विद कार्लसन डोपामिनच्या अभ्यासाकडे वळले आणि २००० मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. वकील स्वतः मात्र रुग्ण आणि विद्यार्थी यांच्यातच रमले. डॉ. गोलवाला यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले रोगनिदानाचे पुस्तक आणि १९६९ मध्ये त्यांच्या संपादनाखाली निघालेला असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचा वैद्यकग्रंथ यांवर डॉक्टरांच्या पिढ्या घडल्या. त्या ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या मुंबईप्रमाणेच अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्याही टेबलावर पोचल्या.

रेसर्पिनची सद्दी मात्र ओसरत गेली. अधिक मात्रेत ते मन खचवते असा बोभाटा होताच, त्यात नवी औषधे आली. सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ने एकाच अंकात तीन निबंध छापून त्याचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध जोडला. पुढील अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. परंतु तो निर्वाळा मिळण्याआधीच, २० नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी डॉ. वकील यांचे निधन झाले होते.