नोंदवही सांभाळणारा माणूस

व्यापारी संस्थांच्या नावापुढे 'डॉट कॉम' लावावे, हे १९८४ मध्येच ठरले होते. त्या संस्थांना इंटरनेटवर मोकळेपणाने धंदा करता येण्यास मात्र आणखी दशक लोटावे लागले. या साऱ्या काळात तेथील क्रमांकांची नोंदवही ज्यांनी सांभाळली, ते संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडेना येथे झाला. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी असतानाच, १९६९ मध्ये, ते 'अर्पानेट'च्या उभारणीत सहभागी झाले. कोणत्या यंत्रणेला कोणता क्रमांक दिला, याची टिपणे ठेवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि ते अखेरपर्यंत सुटले नाही. १९७४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९७७ पासून ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 'इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट'मध्ये होते. ई-मेल एका संगणकावरून दुसऱ्यावर कशी पोहोचवावी, याचे नियम त्यांनीच १९८२ मध्ये लिहिले. लांब दाढी आणि पायांत सँडल हा त्यांचा नेहमीचा वेष.

१९८८ मध्ये लॉस एंजलिस परिसरातील विद्यापीठे व संशोधनसंस्थांना जोडणारे 'लॉस नेटोस' हे प्रादेशिक जाळे त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. अमेरिकेत तेव्हा अशी अनेक जाळी होती आणि ती 'नॅशनल सायन्स फाउंडेशन'च्या मुख्य जाळ्याला जोडलेली असत. पेच येथेच होता. प्रादेशिक जाळ्यांनी व्यापारी ग्राहक मिळवून खर्च भागवावा, असे फाउंडेशनचे धोरण. पण त्या ग्राहकांची निव्वळ धंद्याची वाहतूक मुख्य जाळ्यावरून नेण्यास मनाई! कंपनीला गावातल्या जाळ्यात शिरकाव मिळे, पण दूरच्या ग्राहकाशी सौद्याची बोलणी नियमबाह्य ठरत. प्रत्येक संदेशाचा हेतू तपासणार कोण, हा प्रश्न होताच. अखेर १९९१ मध्ये तीन खासगी सेवादारांनी आपसांत देवाणघेवाणीची सोय केली आणि ३० एप्रिल १९९५ रोजी सरकारी मुख्य जाळे बंद झाले.

दरवाजे उघडले तशी नोंदवहीला किंमत आली. सप्टेंबर १९९५ पासून 'डॉट कॉम' नावासाठी वर्षाला ५० डॉलर आकारले जाऊ लागले. नावांची मक्तेदारी एका कंपनीकडे राहू नये यासाठी पोस्टेल यांनी नव्या शेपटांच्या योजना मांडल्या. त्यावरून वकील, कंपन्या आणि सरकार यांच्या ओढाताणीत ते सापडले. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी मूळ सर्व्हरांपैकी आठांच्या चालकांना आपल्या यंत्रणेकडून नोंदी घेण्यास सांगितले, आणि त्यांनी ते ऐकलेही. अमेरिकी सरकारने डोळे वटारल्यावर ती केवळ चाचणी होती, असे सांगून पोस्टेल यांनी सारे पूर्ववत केले. अधिकार कागदावर कोणाचा आणि शब्द कोणाचा चालतो, हे मात्र त्या काही दिवसांत सर्वांना कळले.

त्याच वर्षी नोंदवही 'आयकॅन' या नव्या संस्थेकडे सोपवण्याची तयारी त्यांनी स्वतःच केली. ३० सप्टेंबर रोजी तिची नोंदणी झाली. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे, वयाच्या ५५ व्या वर्षी पोस्टेल यांचे निधन झाले.